विद्यार्थ्यांची प्रोजेक्ट टीम: पहिल्या महिन्यात कागदावर काय यायला हवं?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, आम्ही पंधरा-वीस जण आहोत, सगळे उत्साही आहेत, सरांचा होकारही आहे. आता सुरुवात कुठून करायची?" कुणाला छोटा उपग्रह बनवायचा असतो, कुणाला रोबोट, कुणाला शर्यतीची गाडी, कुणाला शेतात फवारणी करणारा ड्रोन. वस्तू वेगवेगळ्या, पण अडचण बहुतेक वेळा सारखीच. काम खूप दिसतं, माणसंही आहेत, पण पहिलं पाऊल कोणतं ते कळत नाही.

मी मुळात फिजिक्सची. पीएचडीचं काम वरच्या वातावरणाशी संबंधित आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांनी बनवलेले उपग्रह हा माझ्या जवळचा विषय. म्हणून या लेखात उदाहरणं मुख्यतः उपग्रहांचीच घेते. मुद्दे मात्र गाडीला, रोबोटला आणि पुढे तुमच्या संशोधनालाही तसेच लागू पडतात.

सहसा काय होतं? पहिल्याच मीटिंगमध्ये माणसं वाटली जातात. तू इलेक्ट्रॉनिक्स बघ, तू मेकॅनिकल, तू कोडिंग, तू स्पॉन्सरशिप. व्हॉट्सअॅप ग्रुप होतो, लोगो होतो, टी-शर्टचा रंगही ठरतो. मग महिनाभर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात काहीतरी वाचत बसतो आणि सेमिस्टरच्या शेवटी कुणाचंच काम कुणाच्या कामाला जुळत नाही. माणसं वाटायच्या आधी चार गोष्टी कागदावर यायला हव्यात: एका वाक्यातलं उद्दिष्ट, मर्यादित गोष्टींचा हिशोब, दोन भाग जिथे जुळतात तिथला करार, आणि आपण गेल्यावर मागे काय राहणार याची व्यवस्था. एकेक करून बघू. पण त्याआधी वेळेबद्दल.

तुमच्याकडे खरंच किती वेळ आहे?

आयआयटी मुंबईच्या 'प्रथम' उपग्रहाची सुरुवात २००७ साली झाली आणि तो २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. पुण्याच्या सीओईपीच्या 'स्वयम्'चं काम २००८ मध्ये सुरू झालं आणि तो २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. म्हणजे एकाला साधारण नऊ वर्षं लागली, दुसऱ्याला आठ. बी.टेक. असतं चार वर्षांचं. ज्यांनी पहिली मीटिंग घेतली, त्यातल्या कुणीही विद्यार्थी असताना प्रक्षेपण पाहिलं नाही. ज्यांनी शेवटच्या चाचण्या केल्या, ती मुलं सुरुवातीच्या वेळी शाळेत होती.

कंपनीतून माणूस कधी जाईल ते सांगता येत नाही. विद्यार्थी टीममध्ये प्रत्येकाची जायची तारीख आधीच माहीत असते. हा तोटा आहे तसा फायदाही आहे, कारण माहीत असलेल्या गोष्टीची तयारी करता येते.

आता आठवड्यांचा हिशोब करा. पहिलं वर्ष कॉलेज समजण्यात जातं. सातव्या सेमिस्टरला प्लेसमेंट, जीआरई, गेट यांपैकी काहीतरी असतंच. आठव्यात बरेच जण इंटर्नशिपला बाहेर. उरली तिसरी ते सहावी, अशी चार सेमिस्टर. एका सेमिस्टरमधून मिड-सेम, सबमिशन, ओरल, गणपती-दिवाळी आणि कॉलेजचं गॅदरिंग वजा करा. नीट काम होईल असे दहा आठवडे हाती राहिले तरी चांगलं म्हणायचं. आठवड्याला आठ तास धरले तर एका सेमिस्टरला एका माणसाचे ऐंशी तास. नोकरी करणाऱ्या माणसाचे ते फक्त दहा दिवस. चार सेमिस्टर मिळून चाळीस दिवस.

हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुमच्या कॉलेजचं वेळापत्रक समोर ठेवून स्वतःचे काढा. पण काढाच, कारण त्यावरून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, "सुट्टीत करू" या वाक्यावर टीम चालत नाही. दोन, एका बॅचच्या हातून संपेल एवढ्या तुकड्यातच काम कापायला हवं. उपग्रहाचं स्वप्न दहा वर्षांचं असू शकतं, पण दर दीड-दोन वर्षांत काहीतरी पूर्ण होऊन चालू अवस्थेत दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ, पहिल्या बॅचने ग्राउंड स्टेशन उभं करावं. एक ॲन्टेना, एक स्वस्त एसडीआर रिसीव्हर आणि लॅपटॉप एवढ्यावर हौशी रेडिओच्या उपग्रहांचे सिग्नल पकडता येतात. (सिग्नल पाठवायचे असतील तर मात्र परवाना लागतो, त्याची परीक्षा द्यावी लागते.) उपग्रह उडो न उडो, त्या बॅचच्या हाती स्वतः पूर्ण केलेली एक गोष्ट राहते आणि पुढच्यांना तयार साधन मिळतं.

पहिली गोष्ट: एक वाक्य

"आम्हाला उपग्रह बनवायचा आहे" हे उद्दिष्ट नाही, ही इच्छा आहे. उपग्रह कशासाठी, हे एका वाक्यात आलं की पुढचे निर्णय आपोआप एकामागून एक उलगडत जातात. 'प्रथम' आणि 'स्वयम्' शेजारी ठेवून पाहिले की हे फार स्पष्ट दिसतं. दोन्ही महाराष्ट्रातले, दोन्ही विद्यार्थ्यांचे, दोन्ही एकाच वर्षी गेले. पण वाक्यं वेगळी होती.

'प्रथम'चं वाक्य असं मांडता येईल: आयनोस्फिअरमधल्या इलेक्ट्रॉनची संख्या मोजायची. आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर. सरळ एका प्रतलात कंप पावणारी रेडिओ लहर त्यातून गेली की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते प्रतल थोडं फिरतं. याला फॅरेडे रोटेशन म्हणतात. वाटेत इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकं फिरणं जास्त. हे फिरणं वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. 'प्रथम'वर साधारण १४६ आणि ४३७ मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारता होत्या. दुसरी पहिलीच्या तिप्पट, म्हणजे पहिली लहर दुसरीच्या नऊपट फिरणार. जमिनीवर दोन्हींमधला फरक मोजला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनचा अंदाज येतो.

या एका वाक्यातून काय काय निघालं बघा. लहरीचं प्रतल मोजायचं असेल तर ती कोणत्या प्रतलात निघाली हे माहीत हवं, म्हणजे उपग्रहाची दिशा माहीत हवी आणि ताब्यातही हवी. दिशा कळायला मॅग्नेटोमीटर आणि सन सेन्सर आले. दिशा बदलायला विद्युतप्रवाहावर चालणारी चुंबकीय गुंडाळी आली. तिला वीज लागते, नियंत्रणाचं गणित लागतं, ते चालवायला कॉम्प्युटर लागतो. उपग्रह सुमारे १० किलोचा झाला. शिवाय मोजणी जमिनीवर होणार, म्हणून ग्राउंड स्टेशनं आली आणि इतर कॉलेजांनाही त्यात घेता आलं.

'स्वयम्'चं वाक्य वेगळं: वीज न वापरता उपग्रहाची दिशा स्थिर ठेवून दाखवायची, आणि हौशी रेडिओवाल्यांना त्याच्यामार्फत एकमेकांना संदेश पाठवता यावेत. दिशा स्थिर ठेवायला आत कायमचा चुंबक. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळते तसा सगळा उपग्रहच जुळतो. तो सुईसारखा डुलत राहू नये म्हणून हिस्टेरेसिस रॉड, म्हणजे डोलण्याची ऊर्जा हळूहळू शोषून घेणाऱ्या खास धातूच्या कांड्या. यात गुंडाळी नाही, तिची वीज नाही, तिचं कोडही नाही. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा, वजन किलोच्या आत.

यातलं कोणतं श्रेष्ठ, हा प्रश्नच नाही. मुद्दा असा की एका वाक्यावरून ठरलं की नियंत्रणाचं गणित करणारी मुलं किती लागतील, कोड लिहिणारी किती, आणि चुंबकाची मोजमापं करणारी किती. म्हणजे माणसं वाटणं हे वाक्यानंतरचं काम आहे. आधी वीस जण गोळा करून मग त्यांना पुरेल असं काम शोधत बसलात, तर वाक्य फुगत जातं. "कॅमेरापण लावू, म्हणजे तिघांना काम मिळेल" असं होतं.

स्पर्धेच्या टीमना ही सोय आयती मिळते. बाहा स्पर्धेत अनेक वर्षं सगळ्यांना एकाच कंपनीचं, एकाच ताकदीचं, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागे. नियमपुस्तिकाच निम्मे निर्णय घेऊन टाकते. तुमचा प्रोजेक्ट स्पर्धेचा नसेल तर नियमपुस्तिका तुम्हालाच लिहावी लागेल. त्यातलं प्रत्येक वाक्य तपासता येईल असं हवं. "उपग्रह हलका असावा" हे तपासता येत नाही. "बॅटरीसह एकूण वस्तुमान १ किलोपेक्षा कमी" हे तराजूवर ठेवून तपासता येतं. एखादं वाक्य कसं तपासणार ते सांगता येत नसेल, तर ते खोडा किंवा नव्याने लिहा.

दुसरी गोष्ट: मर्यादित गोष्टींचा हिशोब

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक-दोन गोष्टी अशा असतात की त्या सगळ्यांना हव्या असतात आणि पुरेशा कुणालाच मिळत नाहीत. गाडीत वजन आणि पैसा, ड्रोनमध्ये बॅटरी, उपग्रहात वीज. या गोष्टींचा घरखर्चासारखा जमाखर्च मांडायचा. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला बजेट म्हणतात, पण ते फक्त रुपयांचं नसतं.

छोट्या ठोकळ्याच्या उपग्रहाचं वीज-बजेट करून बघू. पृथ्वीजवळ सूर्यप्रकाशातून दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट मिळतात. १० सेंटिमीटरच्या एका बाजूवर ३० चौरस सेंटिमीटरच्या दोन सोलर सेल बसल्या असं धरू, म्हणजे ०.००६ चौरस मीटर. सेलची कार्यक्षमता २८ टक्के धरली तर सूर्य अगदी समोर असताना त्या बाजूकडून सुमारे २.३ वॅट. सहाही बाजूंना सेल असतील आणि ठोकळा कसाही फिरत असेल, तर सरासरी दीड बाजूइतका प्रकाश मिळतो: सुमारे ३.४ वॅट. पण ५०० किलोमीटरच्या कक्षेत एक फेरी साधारण ९५ मिनिटांची, आणि त्यातली ३५ मिनिटांपर्यंत पृथ्वीच्या सावलीत जाऊ शकतात. सगळं मिळून सरासरी दोन वॅटच्या आसपास. मोबाईलचा अगदी साधा चार्जरही पाच वॅटचा असतो!

आता खर्चाची बाजू. हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल. कॉम्प्युटर कायम चालू, ०.४ वॅट. रिसीव्हर कायम चालू, ०.२ वॅट. ट्रान्समीटर चालू असताना ३ वॅट घेतो, पण एकूण वेळेच्या दहा टक्केच चालतो, म्हणजे सरासरी ०.३. दिशा-नियंत्रण आणि सेन्सर, ०.५. बेरीज १.४ वॅट. सुरुवातीच्या अंदाजात वीस टक्के राखीव ठेवायचे, म्हणजे दोनपैकी वापरायला १.६. बसतंय. आता कुणीतरी म्हणालं, कॅमेरा लावू: दोन वॅटचा, पाव वेळ चालेल, सरासरी ०.५. बेरीज १.९. दोनच्या आत आहे असं वाटतं, पण राखीव संपलं. एक सेल थोडी कमी निघाली की रेडिओ बंद पडणार.

गंमत म्हणजे हे करायला एक स्प्रेडशीट आणि एक संध्याकाळ पुरते. आकडे चुकीचे असले तरी चालतील, ते पुढे सुधारतात. फायदा असा की कॅमेऱ्यावरून होणारा वाद आता "तुला माझं काम आवडत नाही" असा राहत नाही. "०.५ वॅट कुणाकडून घ्यायचे?" असा होतो. मैत्री टिकवायला याचा फार उपयोग होतो, खरंच.

हा तक्ता एकाच माणसाच्या ताब्यात असावा. तो कुणी 'बॉस' नव्हे, पण वजन, वीज, पैसा यांतला कोणताही आकडा त्याला सांगितल्याशिवाय बदलायचा नाही. मोठ्या टीममध्ये याला सिस्टिम इंजिनिअर म्हणतात. ही भूमिका पहिल्या दिवसापासून हवी आणि ती टीम लीडरकडे नसलेली बरी, कारण लीडरचा वेळ परवानग्या, पत्रं आणि मीटिंगमध्येच जातो.

तिसरी गोष्ट: सांध्यांचा करार

काम वाटलं की वाटलेल्या भागांच्या मध्ये सांधे तयार होतात, म्हणजे इंटरफेस. बहुतेक प्रोजेक्ट भागांमध्ये मोडत नाहीत, सांध्यांमध्ये मोडतात. सर्वात प्रसिद्ध उदाहरण नासाच्या 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'चं. २३ सप्टेंबर १९९९ रोजी हे यान मंगळाजवळ पोचून नाहीसं झालं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरचा आवेग पाउंड-सेकंदात दिला होता, आणि तो वापरणाऱ्यांनी न्यूटन-सेकंद समजून वापरला. फरक जवळजवळ साडेचार पट. यान ठरल्यापेक्षा खूप खालून, वातावरणात गेलं. दोन्ही टोकांची माणसं आपापल्या कामात हुशारच होती. मधल्या सांध्यावर एकक तपासलं गेलं नाही.

तुमच्या टीममध्ये सहा गट असतील (ढाचा, वीज, कॉम्प्युटर, रेडिओ, दिशा-नियंत्रण, पेलोड), तर दोन-दोनच्या जोड्या पंधरा होतात. आठ गट केले तर अठ्ठावीस. म्हणून गट जितके कमी तितकं चांगलं. कोणाला 'हेड' म्हणता यावं म्हणून गट वाढवू नका.

सांधे शोधायची सोपी युक्ती अशी. मोठ्या कागदावर सहा बाय सहाचा तक्ता काढा. कर्णावर सहा गटांची नावं लिहा. आता प्रत्येक चौकोनात लिहा की या ओळीतला गट त्या स्तंभातल्या गटाला काय देतो. वीज-गट रेडिओला काय देतो? ५ व्होल्ट, जास्तीत जास्त अमुक अँपिअर. रेडिओ ढाच्याला काय 'देतो'? उष्णता, आणि ॲन्टेनासाठी भोक पाडायची मागणी. सगळे तीस चौकोन भरणार नाहीत, भरायचीही गरज नाही. पण जो चौकोन दोन्ही गटांनी वेगवेगळा भरला, तिथे पुढच्या वर्षी भांडण होणार हे आजच कळतं.

प्रत्येक भरलेल्या चौकोनासाठी अर्ध्या पानाचा करार करा. त्यात काय द्यायचं, किती, कोणत्या एककात, कोणत्या कनेक्टरने, कोणत्या तारखेपर्यंत, आणि दोन्हीकडची एकेक जबाबदार व्यक्ती. बदल करायचा तर दोघांच्या संमतीने. हे सरकारी कारभारासारखं वाटेल, पण हा कागद असला की दोन्ही गट एकमेकांची वाट न बघता काम करू शकतात. वीज-गटाचा बोर्ड तयार व्हायच्या आधी रेडिओवाले लॅबमधल्या पॉवर सप्लायवर ५ व्होल्ट लावून चाचणी घेतात, कारण शेवटी काय मिळणार ते त्यांना माहीत असतं.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एक निरीक्षण मांडलं होतं. एखादी संस्था जे बनवते, त्याची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यासारखी होते. विद्यार्थी टीममध्ये याचा अर्थ सरळ आहे. ज्या दोन गटांचे लोक एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे भाग जुळणार नाहीत. एक गट मुलींच्या हॉस्टेलमधला आणि दुसरा मुलांच्या, आणि रात्री नऊनंतर दोघांनाही लॅब बंद, असं असेल तर त्यांच्या भेटीची वेळ ठरवून लिहून ठेवावी लागते. हा रचनेचाच भाग समजा.

चौथी गोष्ट: माणसं आणि वही

आता माणसं. फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मन्थ' हे १९७५ चं पुस्तक आहे. त्यातला गाजलेला मुद्दा असा की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये नवी माणसं घातली की उशीर आणखी वाढतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो. विद्यार्थी टीमला दर वर्षी नवी माणसं घ्यावीच लागतात. म्हणून शिकवण्याचा वेळ आधीच हिशोबात धरा. भरती एकदम चाळीस जणांची करू नका. जेवढे सीनियर वेळ देऊ शकतात तेवढेच ज्युनियर घ्या. प्रत्येक महत्त्वाच्या कामावर दोन जण असावेत, एक वरच्या वर्षातला आणि एक खालच्या. वरचा गेला की खालचा वरचा होतो. एकाच माणसाला जे येतं, ते टीमला येतं असं समजू नये.

निवडताना मार्कांपेक्षा एक छोटं काम देऊन बघा. एक सेन्सर आणि दोन आठवडे द्या, त्याचं मोजमाप घेऊन दोन पानं लिहून आणायला सांगा. मोजमाप चुकलं तरी हरकत नाही. कसं घेतलं ते ज्याने नीट लिहिलं, तो टीमच्या कामाचा.

कॉलेजातल्या माणसांशी पहिल्या महिन्यातच ओळख करून घ्या. गाइड सरांशी किंवा मॅडमशी दर पंधरा दिवसांनी अर्धा तास, तारीख ठरवून. वर्कशॉपमधल्या काकांना ड्रॉइंग घेऊन आधी विचारा, "काका, हे आपल्या मिलिंगवर होईल का?" ते ज्या गोष्टीला नाही म्हणतील ती कॅडमध्ये कितीही सुंदर दिसली तरी बदला. खरेदीचे नियम ऑफिसातून समजून घ्या. तीन कोटेशन, एचओडींची सही, मग ऑर्डर, यात आठवडे जातात. छोट्या वस्तू लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत एका फेरीत मिळतात, पण बाहेरून मागवायची चिप कधी लागणार हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच माहीत हवं.

आणि वही. हा मुद्दा सगळ्यांना माहीत असतो आणि सगळ्यात कमी पाळला जातो. बहुतेक टीम 'काय केलं' ते लिहितात: सर्किट, कोड, ड्रॉइंग. पुढच्या बॅचला खरा प्रश्न पडतो तो 'असं का केलं' हा. तीन बॅटरींमधून हीच का निवडली? हा रेझिस्टर १० किलो-ओहमचाच का? उत्तर सापडलं नाही की नवी बॅच निर्णय पुन्हा उघडते आणि एक सेमिस्टर जातं. आठ-नऊ वर्षांच्या प्रोजेक्टमध्ये असं चार-पाच वेळा होऊ शकतं, आणि मग आधीच्या मुलांनी रात्री जागून केलेलं काम कपाटात पडून राहतं.

म्हणून निर्णयांची एक वेगळी वही ठेवा. प्रत्येक निर्णयाला चारच ओळी. काय ठरलं, कोणते पर्याय होते, का नाकारले, आणि कोणती गोष्ट बदलली तर हा निर्णय पुन्हा तपासायचा. तारीख आणि नाव. फसलेल्या चाचण्याही लिहायच्या. कोड आणि ड्रॉइंग गिटसारख्या व्हर्जन कंट्रोलमध्ये, आणि खातं टीमच्या नावाचं, कुणाच्या वैयक्तिक ईमेलचं नव्हे. पासवर्ड एखाद्या पास-आउट सीनियरकडे अडकला की फोन लावत बसावं लागतं.

श्रेयाचं बोलणंही इथेच उरका. पुढे पेपर झाला तर नावं कुणाची आणि कोणत्या क्रमाने? निघून गेलेल्या बॅचचं काय? आज कुणाचंच काही अडलेलं नाही तोवर हे ठरवणं सोपं असतं.

पहिला महिना

सगळं एका महिन्यात कसं बसवायचं?

पहिला आठवडा: पाच-सहा जणच बसा. उद्दिष्टाची तीन वेगवेगळी वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्यातून कोणती कामं निघतात ते 'प्रथम'च्या उदाहरणासारखं साखळीने मांडा.

दुसरा आठवडा: तिन्ही वाक्यांचं बजेट करा, वजन-वीज-पैसा आणि माणसांचे तास. तासांचं बजेट सगळ्यात आधी मोडतं, त्यामुळे ते गाळू नका. जे वाक्य बसत नाही ते सोडा. सगळीच बसत नसतील तर सर्वात छोट्या वाक्याचा अर्धा भाग घ्या.

तिसरा आठवडा: गट, सहा बाय सहाचा तक्ता आणि पहिले करार. आता कळेल की माणसं किती आणि कोणती लागतील. भरतीची जाहिरात आत्ता काढा.

चौथा आठवडा: हे सगळं वीस मिनिटांत प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या दोन-तीन प्राध्यापकांसमोर मांडा. त्यांना आधीच सांगा की कौतुक नको, शंका हव्यात. मोठ्या प्रकल्पांत रचनेचा पहिला औपचारिक आढावा, म्हणजे पीडीआर, असाच असतो. आलेली प्रत्येक शंका, तिचं उत्तर कोण शोधणार आणि कधीपर्यंत, हे लिहून ठेवा. तीच तुमची पुढच्या सेमिस्टरच्या कामांची यादी.

तुमच्यापैकी ज्यांना पुढे संशोधनात जायचं आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्या. तपासता येईल असा प्रश्न, तासांचा खरा हिशोब, इतरांच्या कामाशी जुळणारी एककं, आणि 'का' लिहिलेली वही, ही पीएचडीच्या पहिल्या वर्षाचीच कामं आहेत. प्रोजेक्ट टीममध्ये ती चार मित्रमैत्रिणींसोबत शिकायला मिळतात. उपग्रह तुमच्या बॅचच्या हातून उडेलच असं नाही. पण पाच वर्षांनी कुणी ज्युनियर ती वही उघडेल, बॅटरीच्या पानावर तुमच्या चार ओळी वाचेल आणि तिथून पुढे काम सुरू करेल, एवढी तजवीज तुम्ही या महिन्यात करू शकता. कागद घ्या, आणि पहिली तीन वाक्यं लिहायला बसा.